टाराबाईंच्या हरकती

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 'विंडी' नावाची एक जमात आढळते. 'गॉन विथ द विंड' या कादंबरीवर, आणि त्याहून जास्त तिच्यावरच्या सिनेमावर, जीव लावून बसलेली माणसं ती. विंडी ओळखायला सोपा. त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा सुरू करा. तिसऱ्या वाक्याला तो १८६४ सालच्या, यादवी युद्धातल्या हवेवर आलेला असतो. या जमातीत साधे विंडी असतात, कट्टर विंडी असतात, आणि त्यांच्याही पलीकडे आमच्या शेजारच्या टाराबाई होत्या.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या टपालपेटीवर सोनेरी अक्षरांत 'टारा' असं रंगवलेलं होतं, आणि आमच्या मराठी कंपूने पहिल्याच दिवाळीला त्यांचं बारसं उरकून टाकलं. टारा म्हणजे कादंबरीच्या नायिकेचा, स्कार्लेट ओहाराचा मळा. मार्गारेट मिचेलने तो अटलांटाच्या दक्षिणेला, क्लेटन काउंटीत, जोन्सबरो गावाजवळ वसवला. आमचं बिऱ्हाड त्याच काउंटीत होतं. मळा कादंबरीतला, म्हणजे तो कधी नव्हताच. सिनेमातलं घरही कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेलं, आणि तेसुद्धा नुसता दर्शनी भाग. पण पर्यटक यायचे आणि टारा कुठे म्हणून विचारायचे. त्यांना सापडायचा टारा बुलेव्हार्ड नावाचा हमरस्ता, त्यावर मोटारी विकणारे आणि बर्गर विकणारे. असे हिरमुसलेले पर्यटक दिसले की टाराबाई त्यांना आपल्या ओसरीवर बसवत, बर्फ घातलेला गोड चहा पाजत आणि कधीही नसलेलं घर नेमकं कुठे होतं ते हात करून दाखवत. "त्या झाडांच्या मागे," हे त्या अशा खात्रीने म्हणत की एक जपानी जोडपं त्या झाडांचे फोटो काढून समाधानाने परत गेलं.

बाई पेशाने शाळेतल्या हिशेबनीस, आता निवृत्त. यजमान वारलेले. मुलगा शिकागोला, म्हणजे टाराबाईंच्या भाषेत 'शत्रूच्या प्रदेशात'. जन्म १९३०चा. सिनेमाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ला अटलांटाच्या लोज ग्रँड थिएटरात झाला. गव्हर्नरने राज्याला सुट्टी दिली होती. त्याच्या आदल्या दिवशी नटमंडळींची मिरवणूक निघाली, रस्त्यांवर तीन लाख माणसं लोटली होती म्हणतात. नऊ वर्षांच्या टाराबाई वडिलांच्या खांद्यावर होत्या आणि क्लार्क गेबलने त्यांच्याकडे पाहिलं. तसं त्या पिढीतल्या जॉर्जियाच्या ज्या ज्या बाईशी माझी ओळख झाली, तिच्याकडे गेबलने पाहिलेलं आहे. तीन लाख माणसांकडे एकेकटं पाहायचं म्हणजे त्या गृहस्थाच्या मानेचं रात्री काय झालं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

टाराबाईंचं खरं वैभव म्हणजे त्यांची हरकतींची वही. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका सुरू झाली की पेशवाईत नथ अशी नसे, पगडी तशी नसे म्हणून वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारी मंडळी असतात. टाराबाई त्यांची सख्खी चुलत बहीण शोभल्या असत्या. फरक एवढाच की त्या पत्र लिहीत नसत. नोंद करत. तारीख, वार, हरकत, आणि शेवटच्या रकान्यात गांभीर्य: साधी, मोठी, अक्षम्य. हिशेबनीसपणाची सवय. अटलांटाविषयी कुठे एक अक्षर छापून आलं, टीव्हीवर कुणी स्कार्लेटची नक्कल केली, की त्यावर हरकत रुजू झालीच.

मूळ कादंबरीवर मात्र एकही हरकत नव्हती. वहीचं पहिलं पान त्यांनी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. वर शीर्षक, 'मूळ कृती'; खाली काही नाही. देवघरात निरांजन दाखवावं तसं ते पान त्या पाहुण्यांना उघडून दाखवत.

टाराबाईंचा धर्म एका वाक्यात मावायचा: पुढचा भाग लिहायचा नाही. कादंबरी संपते तेव्हा स्कार्लेटचा नवरा रेट बटलर तिला सोडून निघून जातो. ती त्याला परत मिळवीन म्हणते, पण तो विचारही उद्यावर ढकलते. संपलं. जून १९३६मध्ये पुस्तक आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, आणि वाचकांनी मिचेलबाईंना पत्रं पाठवून, फोन करून भंडावलं की पुढे काय झालं? तो परत येतो का? त्या कुणालाही सांगायला तयार झाल्या नाहीत आणि पुढचा भागही त्यांनी लिहिला नाही. ऑगस्ट १९४९मध्ये पीचट्री स्ट्रीट ओलांडताना त्यांना मोटारीची धडक बसली, पाच दिवसांनी त्या गेल्या. "उत्तर बरोबर घेऊन गेल्या," टाराबाई सांगत, "आणि सभ्य माणसं मेलेल्या बाईची पर्स उघडत नाहीत."

पण हक्कांना कायद्याची मुदत असते. ती संपली की कुणीही उठून पुढचा भाग लिहील, त्यापेक्षा आपणच आपल्या देखरेखीखाली लिहून घेतलेला बरा, असा विचार वारसांनी केला. काम मिळालं चार्ल्स्टनच्या अलेक्झांड्रा रिपली यांना. सप्टेंबर १९९१मध्ये 'स्कार्लेट' बाजारात आली. समीक्षकांनी तिला धू धू धुतलं आणि वाचकांनी ती ढिगांनी विकत घेतली. पहिल्याच दिवशी दुकानाबाहेर उभ्या असलेल्यांत टाराबाई होत्या.

"तुम्ही?" मी विचारलं.

"शत्रूच्या छावणीत किती तोफा आहेत हे मोजायला नको, बाळा?"

तोफा मोजायला त्यांना तीन रात्री लागल्या आणि वहीची बावीस पानं.

मग बातमी आली की रॉबर्ट हाल्मी नावाच्या निर्मात्याने या पुस्तकाचे पडद्यासाठीचे हक्क ऐंशी लाख डॉलरना घेतले आणि सीबीएस वाहिनीवर त्याची मालिका येणार. टाराबाईंच्या घरात सुतक आलं. त्यात १९९४च्या सप्टेंबरात मिचेलबाईंनी ज्या इमारतीत राहून कादंबरी लिहिली ती पीचट्रीवरची इमारत आगीत होरपळली. टाराबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं: "सप्टेंबरात घर जाळलं. नोव्हेंबरात पुस्तक जाळणार आहेत."

नटांची नावं जाहीर झाली तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच होतो. स्कार्लेट: जोअ‍ॅन व्हॅली-किल्मर, इंग्लंडची. रेट बटलर: टिमथी डाल्टन, वेल्समध्ये जन्मलेला, दोनदा जेम्स बाँड झालेला.

"दक्षिणेची गोष्ट कळायला दक्षिणेचं रक्त लागतं," टाराबाई म्हणाल्या. "देव त्या दोघांचं भलं करो." तिकडे कुणाला पुरतं आडवं करायचं असलं की आधी त्याच्या भल्याची प्रार्थना करतात.

मी भीत भीत म्हटलं, "पण व्हिव्हियन ली तरी कुठे इथली? ती इंग्रजच. जन्म तर आमच्या दार्जिलिंगचा."

"ते वेगळं."

"आणि अ‍ॅश्ली झालेला लेस्ली हॉवर्ड? लंडनचा. मेलनी झालेली ऑलिव्हिया द हॅविलंड तर टोकियोत जन्मली."

"तेही वेगळं."

"राहता राहिला गेबल. तो ओहायोचा. म्हणजे ज्या जनरल शर्मनने तुमचं अटलांटा जाळलं, त्याच्याच राज्यातला."

टाराबाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच नुकता काडी ओढून आलोय. "क्लार्कने," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पाहिलं होतं."

यावर प्रतिवाद नसतो. 'ते वेगळं' हीच विंडी जमातीची संपूर्ण राज्यघटना आहे. जे लहानपणी पाहिलं ते वेगळं, बाकी सगळी हरकत.

मालिका १३ नोव्हेंबरला, रविवारी सुरू व्हायची होती. त्या तारखेलाही टाराबाईंची हरकत होती, आणि ती खरोखर बिनतोड होती. १९७६च्या नोव्हेंबरात एनबीसीने मूळ सिनेमा पहिल्यांदा राष्ट्रीय वाहिनीवर दोन रात्रींत दाखवला होता. त्याच आठवड्याच्या शेवटी, १३ नोव्हेंबरला, याच सीबीएसवर विनोदी नटी कॅरल बर्नेटने त्याचं विडंबन केलं. मूळ सिनेमात स्कार्लेट घरातल्या मखमली पडद्यांचा झगा शिवून घेते. कॅरलबाई पडद्यांचा झगा घालून जिन्यावरून उतरल्या त्या पडद्याच्या दांडीसकट, खांद्यांच्या दोन्ही बाजूंना दांडी आडवी. सगळी अमेरिका हसून लोळली. अठरा वर्षांनी त्याच वाहिनीला त्याच तारखेला पुन्हा स्कार्लेट आठवावी! "फरक एवढाच," टाराबाई म्हणाल्या, "तेव्हा त्यांना ठाऊक होतं की आपण विनोद करतोय."

आम्हाला साक्षीदार म्हणून बोलावणं होतं. दिवाणखान्यात आठ खुर्च्या, मध्ये 'पेकान पाय' हा तिकडचा गोड पदार्थ, कडेला व्हीसीआर. टाराबाई काळ्या पोशाखात. हातात वही, मांडीवर मूळ कादंबरी, कानामागे पेन्सिल. तासांचा हिशेब केला तर मूळ सिनेमा चार तासांचाही नाही. ही मालिका चार रात्री मिळून सहा तासांची.

पहिल्या रात्री मेलनीची अंत्ययात्रा झाली. स्कार्लेटला वाढवणारी गुलाम दाई, मॅमी, वारली; ते काम एस्थर रोलने केलं होतं. स्कार्लेट रेटच्या मागे चार्ल्स्टनला गेली. नव्वदीचे सर जॉन गिलगुड आजोबा म्हणून दिसले, तेव्हा टाराबाईंची पेन्सिल क्षणभर थांबली, कारण वयस्कर माणसाविषयी वाईट लिहू नये असे त्यांच्यावर संस्कार होते. बाकी ती पेन्सिल शिवणयंत्रासारखी चालू होती. बटणं. टोप्या. बग्गीचे दिवे. बोलण्याचे हेल. एकट्या मॅमीच्या मृत्यूच्या प्रसंगावर त्यांनी अकरा हरकती घेतल्या: पलंगावर दोन, लेसवर तीन, बाकीच्या उजेडावर.

सोमवारी भाग नव्हता. सीबीएसने तेरानंतर एकदम पंधरा तारीख धरली होती. त्या सोमवारी टाराबाई आमच्याकडे तीनदा आल्या. एकदा साखर मागायला, एकदा ती साखर परत करायला, आणि तिसऱ्यांदा, "उद्या काय दाखवणार असतील, तुला काय वाटतं?" हे विचारायला. मी म्हटलं, तुम्ही तर पुस्तक वाचलंय. त्या म्हणाल्या, "यांचा काय भरवसा? हे पुस्तकातसुद्धा बदल करतील." आवाजात संताप होता आणि संतापाच्या अस्तराला उत्सुकता होती.

त्यांचा अंदाज खरा ठरला. गोष्ट आयर्लंडला गेली. यावर त्यांना फारसं बोलता येईना, कारण स्कार्लेटचा बाप आयर्लंडचाच, आणि मळ्याचं नावही तिकडच्या टेकडीवरून. पण पुढे शॉन बीन हा एक दुष्ट लॉर्ड म्हणून अवतरला, त्याचा खून झाला, आणि पुस्तकात कुठेही नसलेला खुनाचा खटला स्कार्लेटवर उभा राहिला. टाराबाई उठून उभ्या राहिल्या. "पुढच्या भागात बदल!" त्या ओरडल्या. "ज्या पुस्तकाला मी मान्यता दिली नाही, त्याच्यासुद्धा वाटेल तसं जाणार?" मोठ्या आवाजात नोंद: अक्षम्य. रिपलीबाईंची बाजू घेणारी त्या आठवड्यात जॉर्जियात एकच बाई असावी, आणि ती त्यांची सर्वांत कडवी शत्रू होती.

गुरुवारी, १७ तारखेला, जे व्हायचं ते झालं. रेट आला, स्कार्लेट सुटली, दोघं एकत्र. पात्रांची नावं वर सरकू लागली. आम्ही टाराबाईंकडे पाहायचं टाळत पेकान पाय संपवत बसलो. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आता मी लोकांशी बोलायचं कशावर?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रेट परत येतो की नाही, या एका प्रश्नावर या बाईने हयात काढली होती. चर्चच्या पायऱ्यांवर, केशकर्तनालयात, यजमानांच्या तेराव्याला म्हणावं अशा जेवणातसुद्धा. त्यांच्या बाजूचा पक्ष म्हणे, येतो. विरुद्ध पक्ष म्हणे, कसला येतोय. दोन्ही पक्षांत तीस-चाळीस वर्षांची मैत्री होती. सीबीएसने चार रात्रींत तो प्रश्न सोडवला आणि तालुक्यातल्या निम्म्या विधवांचा संवाद संपवला. चांगली मालिका केली असती तरी टाराबाईंनी त्यांना माफ केलं नसतं. उलट ती वाईट होती हीच त्यातल्या त्यात सोय. "हे उत्तर धरायचंच नाही," असा ठराव पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर झाला आणि चर्चा पूर्ववत सुरू झाली.

टाराबाईंना खरा धक्का मालिकेने दिला नाहीच. तो दिला गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने.

मालिकेच्या निमित्ताने सगळ्यांना पुस्तक आठवलं होतं, म्हणून वसंतात तिथे 'गॉन विथ द विंड'वर प्रश्नमंजूषा ठेवली. टाराबाई जिंकणार हे ठरलेलं. प्रश्न होता तो दुसरा नंबर कुणाचा. प्रश्न विचारायला ग्रंथपालबाई होत्या. कृष्णवर्णीय, पन्नाशीच्या, अटलांटातच वाढलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. स्कार्लेटचा पहिला नवरा कशाने मेला? "छावणीत गोवर, त्यावर न्यूमोनिया. लढाईत नव्हे," टाराबाई. कंबर किती इंच? "सतरा." स्कार्लेटच्या मुलीच्या, बॉनीच्या तट्टाचं नाव? "मिस्टर बटलर!" हे त्यांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं. टाळ्या.

"शेवटचा प्रश्न," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ती सतरा इंची कंबर जिने आवळून बांधली, त्या मॅमीचं नाव काय?"

टाराबाईंनी तोंड उघडलं. तसंच राहिलं.

"मॅमी," त्या म्हणाल्या.

"ते तिचं काम झालं, मॅम. नाव विचारलं मी."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. टाराबाईंनी हरकत घेतली, अर्थातच. लेखिकेने दिलेलंच नाही ते विचारणं नियमबाह्य आहे. ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर. 'दिलेलं नाही' हेच उत्तर. तट्टाचं दिलंय. तुमचा एक गुण गेला." मग कागद आवरता आवरता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात इतक्या सहज. मॅमीचं काम करून ऑस्कर मिळवणारी हॅटी मॅक्डॅनिअल लोज ग्रँडच्या त्या पहिल्या खेळाला नव्हती, कारण जॉर्जियाच्या कायद्याने तिला गोऱ्यांबरोबर बसता येत नव्हतं. आणि आदल्या रात्रीच्या मेजवानीत एबेनेझर चर्चचा गायकवृंद गुलामांचा वेश करून गायला होता. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता, मार्टिन ल्यूथर किंग.

टाराबाईंना त्या मेजवानीत कुणी कोणत्या रंगाचा झगा घातला होता ते पाठ होतं. गाणारे कोण, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळत होतं.

घरी येताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग आठवडाभर त्यांच्या खिडकीत रात्री दिवा दिसायचा. पहिल्या आवृत्तीची पानं १०३७. बाईंनी ती सगळी पुन्हा वाचली, यावेळी झगे वगळून. आठवड्याने वही घेऊन आमच्या दारात.

"नाही सापडलं," त्या म्हणाल्या. "कुठेच नाही. पोर्कला नाव आहे, प्रिसीला आहे, बिग सॅमला आहे. मालिकावाल्यांच्या पलंगाच्या लेसवर मी तीन हरकती घेतल्या, आणि पलंगावर मरणाऱ्या बाईला नाव नाही ही एकसुद्धा नाही." वहीचं पहिलं, कोरं पान त्यांनी उघडलं. 'मूळ कृती' या शीर्षकाखाली हिशेबनिसाच्या ठाम अक्षरांत एक ओळ होती: मॅमीला नाव नाही. शेवटच्या रकान्यात गांभीर्य लिहून दोनदा खोडलेलं. तिसऱ्यांदा 'मोठी'. खाली कंसात, घाईघाईने: पडद्याचं कापड मात्र अचूक आहे.

त्यानंतर टाराबाई बदलल्या असं म्हणायचा मला मोह होतो, पण तो खोटेपणा होईल. २००१मध्ये अ‍ॅलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने हीच गोष्ट मळ्यावरच्या गुलाम बाईच्या तोंडून सांगितली आणि वारसदार कोर्टात गेले, तेव्हा टाराबाई वारसदारांच्या बाजूने होत्या. कोर्टाने पुस्तक छापायला मोकळीक दिली तेव्हा त्यांनी कोर्टावर हरकत नोंदवली. फक्त पहिल्या पानाला त्या हात लावत नसत. ती एक ओळ तिथे होती, तशीच राहिली.

२०१४मध्ये वारसदारांच्या परवानगीने डॉनल्ड मॅकेग यांचं आणखी एक पुस्तक आलं, मॅमीच्या आयुष्यावर. आम्ही तोवर दुसऱ्या गावी गेलो होतो. एका सकाळी फोन.

"नाव मिळालं," चौऱ्याऐंशी वर्षांच्या टाराबाई नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या. "रूथ. तिचं नाव रूथ ठेवलंय. ठेवलं कुणी, तर व्हर्जिनियात मेंढ्या पाळणाऱ्या एका गृहस्थाने. देव त्याचं भलं करो."

"मग कसं वाटलं पुस्तक?"

"वाटायचा प्रश्नच नाही, बाळा. दुसऱ्याच्या कादंबरीला जोडलेलं ठिगळ आहे ते. तत्त्व म्हणजे तत्त्व."

"वाचलंत तरी का?"

"दोनदा," टाराबाई म्हणाल्या. "एका वाचनात सगळ्या हरकती सापडत नाहीत."